वृद्धाश्रमातील औषधे : चूक कुठे होते आणि ती कशी टाळायची

आपल्याकडे ‘नर्सिंग होम’ म्हटले की चार-दहा खाटांचे खाजगी रुग्णालय डोळ्यांसमोर येते. या लेखात आम्ही त्याबद्दल लिहीत नाही. जिथे वयोवृद्ध, अंथरुणाला खिळलेली किंवा स्मृती हरवलेली माणसे महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे राहतात आणि त्यांची औषधे दुसऱ्याच्या हातून त्यांच्या तोंडात जातात, अशा वृद्धाश्रमांबद्दल आणि शुश्रूषा केंद्रांबद्दल हा लेख आहे. घरी अंथरुणावर असलेल्या आजी-आजोबांनाही यातील बहुतेक गोष्टी जशाच्या तशा लागू पडतात.

हा विषय तरुणांपुढे ठेवण्याची दोन कारणे आहेत. वस्त्यांमधील अनेक मुली-मुले परिचारिका, ब्रदर, मावशी, केअरटेकर म्हणून अशा ठिकाणी काम करतात. चूक झाली की पहिले बोट त्यांच्याकडे दाखवले जाते. दुसरे, जयंतीला किंवा स्मृतिदिनाला आपण वृद्धाश्रमात फळवाटपाला जातो, पण तिथल्या औषधांच्या कपाटाकडे कोणी पाहत नाही. एखाद्या वृद्धाचा जीव मात्र त्या कपाटातील एका चुकीच्या गोळीने जाऊ शकतो.

औषधाची चूक म्हणजे काय?

चुकीची गोळी दिली एवढाच याचा अर्थ नाही. द्यायची गोळी राहून जाणे, दोनदा दिली जाणे, जेवणाआधीची जेवणानंतर देणे, एकाची दुसऱ्याला देणे, मात्रा कमी-जास्त होणे, बंद केलेले औषध चालूच राहणे, आवश्यक रक्त तपासणी न करता औषध देत राहणे या सगळ्या चुकाच आहेत. ही चूक पाच टप्प्यांवर होऊ शकते: डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिताना, मेडिकलवाल्याने औषध काढून देताना, संस्थेत ते साठवताना, प्रत्यक्ष रुग्णाला देताना आणि दिल्यानंतर परिणामावर लक्ष ठेवताना.

प्रमाण किती असते, याचा अंदाज इंग्लंडमधील एका अभ्यासातून येतो. तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथील ५५ वृद्ध निवासांतील २५६ व्यक्तींची औषधे संशोधकांनी तपासली. प्रत्येकाला सरासरी ८ औषधे चालू होती. त्यांपैकी १७८ जणांच्या, म्हणजे दर दहांतील सुमारे सात जणांच्या बाबतीत किमान एक चूक आढळली. बहुतेक चुकांमधून मोठी इजा झाली नव्हती, पण चुका डॉक्टर, दुकान, कर्मचारी अशा सर्व टप्प्यांवर सापडल्या. एखाद्या निष्काळजी बाईला कामावरून काढल्याने हा प्रश्न सुटत नाही, हे यावरून लक्षात घ्यावे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी टाळता येण्याजोगी गंभीर इजा पाच वर्षांत निम्म्यावर आणण्याची जागतिक मोहीम जाहीर केली. तिने तीन जागा सर्वाधिक धोक्याच्या ठरवल्या: धोकादायक औषधे व प्रसंग, एकाच वेळी अनेक औषधे घेणारे रुग्ण आणि रुग्ण एका ठिकाणाहून दुसरीकडे जातो तो काळ. वृद्धाश्रमात या तिन्ही गोष्टी एकत्र येतात.

वृद्धांना धोका जास्त का?

वयानुसार मूत्रपिंडाची काम करण्याची क्षमता घटते. औषध शरीराबाहेर पडायला वेळ लागतो आणि चाळिशीतल्या माणसाला सोसणारी मात्रा ऐंशीच्या माणसाला जास्त होते. झोपेच्या गोळीचा अंमल सकाळपर्यंत राहतो, तोल जातो, खुब्याचे हाड मोडते.

दुसरे कारण म्हणजे अनेक डॉक्टर. हृदयाचे, मधुमेहाचे, हाडांचे, डोळ्यांचे असे वेगवेगळे डॉक्टर आपापली चिठ्ठी देतात. सगळ्या चिठ्ठ्या एकत्र कोणी पाहत नाही. मग एकच औषध दोन वेगवेगळ्या नावांनी चालू राहते. अंगदुखी, सर्दी आणि ताप यांच्या वेगवेगळ्या गोळ्यांत पॅरासिटामॉल असू शकते, हे नाव वाचल्याशिवाय कळत नाही.

तिसरे कारण सर्वात महत्त्वाचे आहे. आपण स्वतः गोळी घेतो तेव्हा ‘ही माझी नेहमीची नाही, ती गुलाबी होती’ असे आपण म्हणतो. स्मृतिभ्रंश झालेली आजी तसे म्हणू शकत नाही. दुसऱ्याच्या नावाने हाक मारली तरी ती ‘हो’ म्हणते. चूक पकडणारा शेवटचा माणूस म्हणजे रुग्ण स्वतः, आणि तोच इथे नसतो. म्हणून आधीच्या सर्व टप्प्यांवर दुप्पट काळजी लागते.

चूक नेमकी कुठे होते?

*अक्षर आणि आकडे.* डॉक्टरांनी औषधाचे मूळ नाव सुवाच्य, शक्यतो ठळक मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावे, असा नियम भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ मध्ये केला. तरीही न वाचता येणाऱ्या चिठ्ठ्या सर्रास दिसतात. आपल्याकडे त्यात आणखी एक अडचण आहे. मराठी एक हा आकडा इंग्रजी नऊसारखा आणि मराठी चार इंग्रजी आठसारखा दिसतो. एकाने मराठीत लिहिलेला आकडा दुसऱ्याने इंग्रजी समजून वाचला की मात्रा बदलते. संस्थेने एकच आकडेपद्धत ठरवावी आणि मात्रा अक्षरातही लिहावी: ‘एक गोळी’, ‘अर्धी गोळी’.

दशांश चिन्ह हा दुसरा सापळा. ‘.५’ असे लिहिले आणि टिंब पुसट झाले तर ते ‘५’ होते, म्हणजे दहापट. म्हणून नेहमी ‘०.५’ लिहावे. ‘५.०’ मात्र कधीच लिहू नये, कारण ते ‘५०’ वाचले जाते. मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांत हजारपटीचा फरक आहे. थायरॉइडची गोळी मायक्रोग्रॅममध्ये असते, हे देणाऱ्याला माहीत असायला हवे.

*सारखी नावे, सारखी पाकिटे.* मेटफॉर्मिन मधुमेहाचे औषध आहे, तर मेट्रोनिडाझोल जंतुसंसर्गाचे. घाईत वाचताना दोन्हींची सुरुवात सारखीच दिसते. एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या औषधांची पाकिटे एकाच रंगाची असतात. एकाच औषधाच्या ५ आणि १० मिलिग्रॅमच्या पट्ट्या शेजारी ठेवल्या तर हात चुकतोच. अशा जोड्या कपाटात लांब ठेवाव्यात.

*रुग्णालयातून परत येताना.* आजोबा आठ दिवस दवाखान्यात राहून परत येतात. डिस्चार्ज कार्डावर नवी औषधे असतात. संस्थेच्या डबीत जुनी असतात. कोणती बंद झाली, कोणती बदलली, हे कोणी विचारत नाही आणि दोन्ही चालू राहतात. बीपीच्या दोन गोळ्या एकाच वेळी पोटात गेल्या की चक्कर येते, माणूस पडतो आणि त्याचे खापर वयावर फुटते.

*गोळी कुटून देणे.* गिळता येत नाही म्हणून मावशी गोळ्या कुटून खिमटीत किंवा केळ्यात कालवून देतात. हेतू चांगला असतो. पण नावापुढे ‘एसआर’, ‘ईआर’, ‘एक्सएल’, ‘सीआर’ अशी अक्षरे असलेली गोळी दिवसभर हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली असते. ती कुटली की दिवसभराचे औषध एकदम अंगात जाते. आतड्यात विरघळणाऱ्या विशेष आवरणाच्या गोळ्याही कुटू नयेत. गिळण्याची अडचण डॉक्टरांना सांगितली तर पातळ औषध किंवा दुसरी गोळी मिळू शकते.

*व्यत्यय.* सकाळी आठला एकच सिस्टर तीस जणांच्या गोळ्या काढत असते. मध्येच फोन वाजतो, कोणी पडते, नातेवाईक दारात येतात. परत आल्यावर शेवटची गोळी कोणाची काढली होती, हे आठवत नाही. काही देशांत औषधे देणारी परिचारिका ‘मला मध्ये थांबवू नका’ असे लिहिलेले जॅकेट घालते. आपल्याकडे एक रंगीत एप्रन आणि सर्वांना दिलेली स्पष्ट सूचना एवढ्यानेही काम भागते.

*उपास आणि जेवणाची वेळ.* पौर्णिमेला किंवा वर्षावासात अष्टशील पाळणारे ज्येष्ठ उपासक-उपासिका दुपारनंतर जेवत नाहीत. कोणी एकादशी करते, कोणी रोजा धरते. जेवण टळते, पण संध्याकाळची शुगरची गोळी किंवा इन्सुलिन सवयीने दिले जाते आणि रात्री साखर धोकादायक पातळीला उतरते. उपासाचा दिवस आधी कळवून त्या दिवसाची मात्रा डॉक्टरांकडून लिहून घ्यावी. श्रद्धेला अडवण्याची गरज नाही, फक्त आधी विचारायला हवे.

ही औषधे दुप्पट काळजीने द्यावीत

*इन्सुलिन.* भारतात कुपीतील बरेच इन्सुलिन दर मिलिलिटरला ४० युनिट असते, तर पेनमधील आणि काही कुप्यांतील १०० युनिट असते. सिरिंजही दोन प्रकारच्या असतात: ४० युनिटची लाल टोपणाची आणि १०० युनिटची नारंगी टोपणाची. दोन्ही रंग मंद उजेडात सारखेच दिसतात, म्हणून आकडा वाचावा. १०० युनिटच्या कुपीतील इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत भरले तर प्रत्यक्षात ५० युनिट जातात. एवढ्याने माणूस बेशुद्ध होऊ शकतो. उलट, ४० ची कुपी आणि १०० ची सिरिंज असेल तर २० ऐवजी ८ युनिटच जातात आणि साखर चढत राहते. कुपीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा जुळला तरच औषध भरावे. पेनच्या कार्ट्रिजमधून सिरिंजने इन्सुलिन काढू नये. एकाचे पेन सुई बदलूनही दुसऱ्याला वापरू नये, कारण त्यातून रक्तातील संसर्ग पसरतो.

न उघडलेले इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांवर ठेवावे, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. उघडलेल्या कुपीवर तारीख लिहावी. ती साधारण चार आठवडेच वापरायची असते. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ती खोलीत उघड्यावर ठेवली तर खराब होते. फ्रिज नसेल तर मातीच्या भांड्याचा गारवा उपयोगी पडतो.

*शुगरच्या गोळ्या.* ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड अशा गोळ्या दिल्या आणि रुग्ण जेवला नाही तर साखर उतरते. घाम, थरथर, बडबड, गुंगी ही लक्षणे ‘म्हातारपणाचे चाळे’ समजून सोडून देऊ नयेत. आधी ग्लुकोमीटरने साखर पाहावी.

*रक्त पातळ करणारी औषधे.* वॉरफरिन किंवा एसिनोकुमारॉल घेणाऱ्याची ‘आयएनआर’ ही रक्त तपासणी ठरावीक काळाने व्हायलाच हवी. त्यासोबत डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके स्वतःच्या मनाने दिली तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. काळी शी, हिरड्यांतून रक्त, अंगावर निळे डाग दिसले तर लगेच डॉक्टरांना कळवावे. डोक्याला मार लागला तर लक्षणांची वाट पाहू नये, थेट रुग्णालय गाठावे.

*मेथोट्रेक्सेट.* सांधेवातासाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती रोज दिली गेल्याने जगभर मृत्यू झाले आहेत. तोंडात फोड येणे हे पहिले लक्षण असू शकते. मग रक्तपेशी घटतात. चिठ्ठीवर आणि डबीवर वाराचे नाव लिहून घ्यावे, ‘फक्त सोमवारी’ असे. सोबत दिले जाणारे फॉलिक अॅसिड वेगळ्या डबीत ठेवावे.

*डिगॉक्सिन.* हृदयाच्या या औषधात योग्य मात्रा आणि विषारी मात्रा यांत फार थोडे अंतर असते. नाडी मंदावणे, मळमळ, अन्नावरची वासना जाणे याकडे दुर्लक्ष करू नये.

*वेळेचे बंधन असलेली औषधे.* थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी द्यायची. कॅल्शियम आणि लोहाची गोळी तिच्यापासून चार तास लांब ठेवायची, नाहीतर ती अंगी लागत नाही. हाडांसाठीची अॅलेन्ड्रोनेट उपाशीपोटी भरपूर पाण्याबरोबर देऊन अर्धा तास रुग्णाला बसते ठेवावे लागते. आडवे केल्यास अन्ननलिकेला जखम होते.

‘शांत ठेवण्याची’ गोळी

रात्री ओरडणाऱ्या, भटकणाऱ्या, शिव्या देणाऱ्या वृद्धाला गुंगीचे औषध देऊन झोपवणे हा काही ठिकाणी सोयीचा मार्ग बनतो. ही चूक इतर चुकांपेक्षा वेगळी आहे, कारण ती नजरचुकीने होत नाही. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २००५ मध्ये सर्वात कडक स्वरूपाचा इशारा दिला. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या वर्तनासाठी मनोविकारावरील नव्या पिढीची औषधे दिल्यास मृत्यूचा धोका वाढतो, असे त्यात म्हटले होते. २००८ मध्ये जुन्या पिढीच्या औषधांनाही तो लागू केला. डॉक्टरांना काही प्रसंगी ही औषधे द्यावी लागतात. पण ती का दिली, किती दिवस द्यायची आणि पुन्हा कधी तपासायचे, हे कागदावर असलेच पाहिजे.

ओरडण्यामागे दुखणे असू शकते, तुंबलेली लघवी असू शकते, बद्धकोष्ठता, भूक किंवा भीती असू शकते. आधी ते शोधावे. शुद्धीत असलेल्या माणसाला औषध नाकारण्याचाही अधिकार आहे. त्याला न सांगता ते वरणात मिसळून देणे ही फसवणूक आहे. नकार दिला तर तो तक्त्यात लिहावा आणि डॉक्टरांना कळवावे.

चूक टाळण्याची पद्धत

यासाठी महागडे संगणक लागत नाहीत. खालील गोष्टी लहान संस्थेलाही जमतात.

१. *प्रत्येकाचा एकच औषधतक्ता.* त्यावर नाव, वय, फोटो, खोली, अॅलर्जी ठळक लिहावी. औषधाचे मूळ नाव, मात्रा, वेळ, कशासाठी, कधी सुरू केले आणि कधी थांबवायचे हे रकाने असावेत. सर्व डॉक्टरांची औषधे या एकाच कागदावर यावीत. आयुर्वेदिक काढा, गावाकडून आलेले चूर्ण आणि नातेवाइकांनी आणलेल्या गोळ्याही त्यावर लिहाव्यात.

२. *दिल्यानंतरच सही.* आधीच दिवसभराच्या सह्या करून ठेवणे ही सर्वात वाईट सवय आहे. औषध तोंडात गेले, गिळले, मग सही. उशाशी ठेवलेली गोळी ‘दिली’ असे धरू नये.

३. *सहा प्रश्न.* योग्य माणूस, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य वेळ, योग्य मार्ग आणि योग्य नोंद. माणूस ओळखताना ‘तुम्ही शांताबाई ना?’ असे विचारू नये. ‘तुमचे नाव काय?’ असे विचारावे. सांगता येत नसेल तर फोटो पाहावा. एका नावाच्या दोन व्यक्ती असतील तर तक्त्यावर लाल खूण करावी.

४. *दोन डोळ्यांऐवजी चार.* इन्सुलिन, रक्त पातळ करणारी औषधे आणि मेथोट्रेक्सेट देताना दुसऱ्या व्यक्तीने कुपी, मात्रा आणि नाव स्वतंत्रपणे वाचून खात्री करावी. इंजेक्शनचे काम नोंदणीकृत परिचारिकेचेच आहे. ते मावशींवर ढकलू नये.

५. *फोनवरील आदेश परत वाचून दाखवणे.* डॉक्टरांनी फोनवर मात्रा सांगितली तर ती लिहून घेऊन त्यांना परत वाचून दाखवावी. ‘पंधरा’ की ‘पन्नास’ अशी शंका असेल तर ‘एक-पाच’ असे अंक सुटे विचारावेत. शक्य तितक्या लवकर सही घ्यावी.

६. *रुग्णालयातून आल्याच्या दिवशीच जुळवणी.* जुना तक्ता आणि डिस्चार्ज कार्ड शेजारी ठेवून एकेक औषध पाहावे: चालू, बदलले, बंद की नवे. उत्तर सापडत नसेल तर रुग्णालयाला फोन करावा. बंद झालेली औषधे त्याच दिवशी कपाटातून काढावीत.

७. *साठवण.* कपाटाला कुलूप, प्रत्येकाची वेगळी डबी. गोळी शक्यतो मूळ पट्टीतच ठेवावी. पट्टी कापताना नाव आणि मुदतीची तारीख असलेला भाग शेवटपर्यंत राखावा. मृत व्यक्तीची उरलेली औषधे दुसऱ्याला देऊ नयेत.

८. *संक्षेपांची यादी भिंतीवर.* ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी म्हणजे दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा, एचएस म्हणजे झोपताना, एसओएस म्हणजे गरज पडल्यासच. ‘१-०-१’ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. एसओएस औषध रोजचे होत असेल तर डॉक्टरांना सांगावे.

९. *ठरावीक काळाने पूर्ण आढावा.* अमेरिकेतील नर्सिंग होममध्ये औषधतज्ज्ञाने प्रत्येक रहिवाशाची औषधे दर महिन्याला तपासणे बंधनकारक आहे. औषध देण्यातील चुका ५ टक्क्यांच्या खाली असाव्यात, असाही तेथील नियम आहे आणि तपासनीस औषधे दिली जात असताना समोर उभे राहून पाहतात. वृद्धांसाठी कोणती औषधे टाळावीत, याची एक प्रसिद्ध यादी मार्क बीअर्स या डॉक्टरांनी १९९१ मध्ये नर्सिंग होममधील रहिवाशांसाठीच तयार केली. ती आजही सुधारून वापरली जाते. आपल्याकडे प्रत्येक संस्थेला औषधतज्ज्ञ परवडणार नाही, पण तीन महिन्यांतून एकदा एका डॉक्टरने सर्व तक्ते पाहणे अशक्य नाही. ‘यातले काय बंद करता येईल?’ हा प्रश्न त्या दिवशी आवर्जून विचारावा. स्वतःहून मात्र कोणतेही औषध एकदम थांबवू नये.

चूक झालीच तर

पहिले काम रुग्णाकडे पाहणे. शुद्ध, श्वास, नाडी, बीपी, साखर तपासावी. डॉक्टरांना काय दिले, किती दिले आणि किती वाजता दिले, हे खरे सांगावे. पट्टी किंवा कुपी फेकू नये. ती सोबत न्यावी. प्रकृती बिघडत असेल तर १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी.

साखर ७० च्या खाली असेल आणि रुग्ण शुद्धीत, गिळू शकणारा असेल तर तीन-चार चमचे ग्लुकोज किंवा साखर पाण्यात द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. साखर वर आल्यावर खायला द्यावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये. त्याला कुशीवर वळवून रुग्णालयात न्यावे. शुगरच्या गोळीमुळे उतरलेली साखर एकदा वर आली तरी काही तासांनी पुन्हा उतरू शकते. त्यामुळे रात्रभर लक्ष ठेवावे लागते.

राहून गेलेली मात्रा भरून काढण्यासाठी पुढच्या वेळी दुप्पट देऊ नये. नातेवाइकांना त्याच दिवशी सांगावे. औषधाचा दुष्परिणाम झाल्याचा संशय असेल तर भारतीय औषधसंहिता आयोगाच्या औषधदक्षता कार्यक्रमाकडे १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर सामान्य माणूसही कळवू शकतो.

दोष कोणाच्या माथी?

बारा तासांची पाळी, चाळीस वृद्ध, एक सिस्टर, दोन मावशी, धड प्रशिक्षण नाही, चिठ्ठी वाचता येत नाही. अशा ठिकाणी चूक झाली की सर्वात कमी पगाराची बाई घरी पाठवली जाते. तिच्या जागी दुसरी येते आणि तीच चूक पुन्हा होते, कारण कपाट तेच, पाळी तीच आणि चिठ्ठीही तीच असते. शिवाय नोकरी जाण्याच्या भीतीने पुढची चूक लपवली जाते. लपलेली चूक वेळेत सुधारता येत नाही आणि रुग्ण जातो.

म्हणून प्रामाणिकपणे कळवणाऱ्याला शिक्षा नको, असा नियम संस्थेने लेखी करावा. थोडक्यात टळलेल्या चुकाही एका वहीत लिहाव्यात आणि महिन्याला एकदा सर्वांनी बसून ती वही वाचावी. जाणूनबुजून केलेली हयगय, खोट्या सह्या आणि गुंगीची औषधे देऊन गप्प ठेवणे यांना मात्र माफी असू नये. आम्ही कर्मचाऱ्यांची बाजू घेतो ती त्यांनी नीट काम करावे यासाठी, आणि त्यासाठी पुरेशी माणसे, विश्रांती व प्रशिक्षण देणे ही चालकांची जबाबदारी आहे.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह आणि कल्याणासाठीचा कायदा २००७ मध्ये झाला. प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, निदान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा वृद्धाश्रम राज्य शासनाला उभारता येईल, असे त्याचे कलम १९ सांगते. वृद्धाश्रमांच्या व्यवस्थापनाचे आणि वैद्यकीय सेवेचे निकष ठरवण्याची तरतूदही त्याच कलमात आहे. त्या निकषांत लेखी औषधतक्ता, प्रशिक्षित परिचारिका आणि नियमित औषध-आढावा यांची सक्ती असावी, ही मागणी कार्यकर्त्यांनी जिल्हा पातळीवर लावून धरण्यासारखी आहे. ज्येष्ठांच्या तक्रारीसाठी व मदतीसाठी १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

पुढच्या भेटीत विचारायचे प्रश्न

वृद्धाश्रमात जाल तेव्हा चालकांना नम्रपणे एवढे विचारा:

- प्रत्येकाचा फोटोसह औषधतक्ता आहे का? आजच्या सह्या आत्ताच्या वेळेपर्यंतच्याच आहेत का?
- औषधे कोण देते? तिचे प्रशिक्षण काय? रात्रपाळीला कोण असते?
- इन्सुलिन कुठे ठेवता? कुपीवर उघडल्याची तारीख आहे का?
- ग्लुकोमीटर चालू आहे का? पट्ट्यांची मुदत संपलेली नाही ना?
- सर्व औषधांचा डॉक्टरांनी शेवटचा आढावा कधी घेतला?
- झोपेची किंवा शांत ठेवण्याची औषधे किती जणांना चालू आहेत आणि ती कोणी लिहून दिली?
- चुकांची वही आहे का?

कोणाच्याही फाइलचे फोटो काढू नका आणि आजाराची माहिती समाजमाध्यमांवर टाकू नका. तपासनीस म्हणून जाऊ नका, मदतीला जा. तुमच्यापैकी कोणी फार्मसी किंवा नर्सिंग शिकत असेल तर दोघे-तिघे मिळून एका रविवारी सर्व तक्ते नीट लिहून देऊ शकता, मुदत संपलेल्या पट्ट्या बाजूला काढून देऊ शकता आणि मावशींना दोन सिरिंजमधला फरक हातात घेऊन दाखवू शकता. तक्ते पूर्ण झाल्यावर डॉक्टरांकडून तपासून सही घ्यायला विसरू नका. पुढच्या वेळी फळांच्या टोपलीबरोबर कोऱ्या तक्त्यांचा एक गठ्ठा आणि एक चांगला ग्लुकोमीटर न्या.